भावंडाचा एकच रकाना

दूध वर यायच्या बेतात होतं, ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता आणि मागच्या खोलीतून माझा दीर ओरडत होता, की इंटरनेटचा डबा कोणीतरी झाडूने हलवला आहे. कोणीतरी म्हणजे मी. या घरात झाडूला हात दुसरं कोण लावतं! तेवढ्यात दार वाजलं. आमची बेल वर्षभर बंद आहे, त्यामुळे नेहमीची माणसं धडाधड थापा मारून वर हाकही देतात. ही थाप एकदाच पडली, आणि मग इतकी शांतता, की कोणी आहे की नाही अशी शंका यावी.

दारात पंचावन्नच्या आसपासची एक बाई उभी होती. दुकानातून तशीच निघाली असावी, कारण गळ्यात मोजपट्टी लोंबत होती आणि बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. हातात पुठ्ठ्याला लावलेला एक कागद, वर प्लास्टिकची पिशवी.

"बालगृहाची वेबसाइट करणारे इथेच राहतात का?"

"इथेच. या ना आत."

"नको, पाच मिनिटांचं काम आहे," असं म्हणत ती आत आली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. आपल्याला उठवतील असं वाटणारी माणसं बसतात ना, तशी.

मला जरा नवल वाटलं. दिराकडे कामासाठी माणसं येत नाहीत, त्याच्याकडे मेल येतात. मी या घरात आले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आज अडतीस वर्षांचा आहे. लहानपणापासून त्याला वस्तू वेगवेगळ्या ठेवायचं वेड. त्याची बटणं, खिळे, पेन्सिलींची टोकं, सगळ्यांना स्वतंत्र कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. ह्यांनी त्याचं नाव तेव्हाच 'कप्पेसाहेब' ठेवलं, ते आजतागायत चालू आहे. सासूबाई आजारी, सासरे कायम फिरतीवर, त्यामुळे त्याचा अभ्यास, त्याचा ताप, त्याच्या शाळेतल्या तक्रारी, सगळं माझ्याकडे आलं. तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी त्याची बाजू घ्यायचे, मग दार लावून त्याला फैलावर घ्यायचे. चूक की बरोबर, पण सवयच ती.

त्याचं काम काय, हे शेजारणींना सांगताना माझी फार वर्षं तारांबळ व्हायची. आता मी सांगते, की वेबसाइट दिसते कशी हे तो बघत नाही, ते दुसरं कोणी बघतं. आत माहिती कशी बसेल ते हा ठरवतो. म्हणजे सुताराने कपाट करताना विचारावं ना, की बाई, यात कपडे ठेवणार की पुस्तकं, तसं. बालगृहासाठी त्याने 'मूल' नावाचा एक नमुना केला. त्यात रकाने: नाव, आल्याची तारीख, कुठून आलं, मोठं होऊन कुठे गेलं. कुठला रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कुठला रिकामा चालेल, कुठल्यात एकच उत्तर मावेल आणि कुठल्यात कितीही, हे सगळं आधी ठरवायचं. काही रकान्यांत शब्द लिहायचे नसतात, फक्त दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवायचं असतं. 'भावंड' हा तसला रकाना.

ज्या प्रणालीत तो हे करतो ती कोणा कंपनीची नाही. जगभरची माणसं आपापल्या घरात बसून तिच्यात फुकट भर घालतात, आतलं सगळं उघडं असतं, कोणीही पाहावं, कोणीही सुधारावं. तिथे दिराला बराच मान आहे म्हणे. का, तर तो चूक पटकन कबूल करतो. 'माझ्याकडून राहिलं, आज दुरुस्त केलं,' असं तो सातासमुद्रापलीकडच्या, जन्मात न पाहिलेल्या माणसाला बिनदिक्कत लिहितो. मी स्वतः वाचलंय.

तो केस पुसत बाहेर आला. बाईने पिशवीतून कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. बालगृहाच्या जुन्या नोंदवहीतल्या एका पानाची ती छायाप्रत होती. बोरूने लिहिल्यासारखं जाड अक्षर. एकाखाली एक तीन नावं: मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार वर्षांची, मुलगी दीड वर्षाची. आणि समासात तिघांना जोडणारा एक मोठा कंस.

"ही चार वर्षांची मी," ती म्हणाली. "हा सात वर्षांचा, तो बस चालवतो. तीन वर्षांपूर्वी तुमच्या वेबसाइटवर माझं पान उघडलं, त्यात भावंड म्हणून त्याचं नाव होतं. त्याच्या पानावर माझं. पन्नास वर्षांनी भेटलो आम्ही. त्या दिवशी मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या पँटला तीन पाय शिवले असते, इतकी बावचळले होते." ती हसली, आणि लगेच थांबली. "ही तिसरी. ही आम्हाला कोणी सांगितलीच नाही."

दीर कागदाकडे बघत होता. त्याचा हात टॉवेलसकट डोक्यावरच राहिला होता.

"गेल्या महिन्यात भावाला कसलासा दाखला हवा होता, म्हणून तो बालगृहात गेला. त्यांनी वहीच पुढ्यात ठेवली. तिथे त्याने हा कंस पाहिला. मग आम्ही शोधलं. नर्स आहे ती. माझ्या दुकानापासून दोन स्टॉपवर मोठा दवाखाना आहे ना, तिथे. वीस वर्षं!"

"मग भेटलात?" मी विचारलं.

"भाऊ बोलला फोनवर. ती म्हणाली, माझं नाव काढताना मला विचारलं होतंत का? आता कशाला आलात?"

मला काही कळेना. मग तिने जे सांगितलं ते असं. ती नर्स तीन वर्षांपूर्वीच वेबसाइटवर गेली होती. तिच्या पानावर भावंड म्हणून भावाचं नाव होतं. तिने आनंदाने भावाचं पान उघडलं, तर तिथे भावंड म्हणून दुसरीच मुलगी. हिचं नाव नाही. आता त्या वेबसाइटवर अशी सोय आहे, की एखाद्याला आपल्या पानावर एखादं नाव दाखवायचं नसेल, तर त्याने बालगृहाला कळवावं, ते नाव काढतात. ते पानाच्या खाली स्पष्ट लिहिलेलं आहे. नर्सने ते वाचलं आणि समजायचं ते समजली. भावाने एक बहीण ठेवली आणि एक काढून टाकली.

"आणि तरी ती आली होती हो," टेलरबाई म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी. माझ्या दुकानात. कोटाच्या बाह्या आखूड करायला. फोनवर तिने भावाला सांगितलं. राखाडी कोट. मला कोट आठवतो, अस्तर फाटलेलं होतं, तेही मी न सांगता शिवून दिलं होतं. तिचा चेहरा मात्र आठवत नाही. मी मान वर करून बघितलंच नसेल. बाह्यांचं माप घेतलं म्हणजे हात धरला असेल ना मी तिचा!"

आत दूध उतू गेलं. वास आला, पण मला उठवेना. ह्यांनीच एका पायात मोजा घालून जाऊन गॅस बंद केला.

"बालगृहवाले म्हणतात, त्या कारकून बाईंनी भरताना घोळ घातला. त्या आता निवृत्त झाल्यात. मी त्यांच्याशी भांडायला जाणार नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, की तुमच्या मशीनमधून काही निघतं का? कागद वगैरे? की हे नाव आम्ही काढलेलं नाही. ती दुसऱ्या कशावर विश्वास ठेवत नाही. आम्ही बोललो की तिला वाटतं आम्ही सारवासारव करतोय. रविवारी तिची सुट्टी असते. एकदा भेटते म्हणालीये. त्या एका भेटीत तिला पटलं तर पटलं, नाहीतर परत फोन करू नका म्हणून सांगितलंय."

मी दिराकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आणि मला ते टेबल आठवलं.

कुठलाही नमुना मशीनवर करण्याआधी तो आमच्या जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या मांडतो आणि माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन एकीपासून दुसरीपर्यंत ताणतो. मग मला बसवतो. "वहिनी, तू आता बालगृहातली कारकून. भर." मी ऐटीत चष्मा लावून भरते, अडखळले की तो तिथे खूण करतो. त्या वेळी मी माझीच माहिती भरली होती. भावंड: बहीण. मला एकच बहीण आहे. त्याला एकच भाऊ आहे. रकान्यात एक नाव मावलं, दोघांचं समाधान झालं आणि आम्ही चहा घेतला. दुसरं नाव घालून बघावं, असं आम्हा दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. बालगृहात मुलं घोळक्याने सोडली जातात, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. आठवलं नाही, एवढंच.

त्यानंतर महिन्याभराने दुपारी त्या कारकून बाईंचा फोन आला होता. तो मीच उचलला. "अहो, ते भावंडात एकच नाव घेतंय. दुसरं घालायला गेलं की पहिलं जातं. विचारता का जरा त्यांना?" दीर दुसऱ्या कामात बुडालेला होता, वेबसाइटच्या उद्घाटनाला आठ दिवस राहिले होते. त्याने फोन कानाला लावला आणि म्हणाला, "सध्या पहिलं टाका. बाकीचं नंतर बघू." बाई गरीब बिचाऱ्या, सांगितलं तसं करत गेल्या. मी त्याला दोनदा आठवण केली. मग पाहुणे आले, मग माझे दात दुखले, मग मीही विसरले.

हे सगळं मला आठवत होतं आणि तोंडातून मात्र भलतंच निघालं. "मशीनचीच काहीतरी गडबड असणार हो. हे असं होतं कधी कधी. हा काढून देईल तुम्हाला कागद."

"वहिनी," दीर म्हणाला. "थांब."

तो आत जाऊन लॅपटॉप घेऊन आला. टेबलावरच्या कपबशा बाजूला सारल्या आणि पडदा बाईंकडे वळवला.

"हे तुमच्या भावाचं पान. ह्या बाजूला त्याचा इतिहास दिसतो. कोणी कधी काय बदललं, सगळं राहतं, पुसता येत नाही. बघा. एकदाच भरलंय. भावंडात तुमचं नाव. नंतर कोणी हात लावलेला नाही. तुमच्या पानाचंही तसंच. कोणी काही काढलेलं नाही, कारण ते कधी घातलंच गेलं नाही."

बाईचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. "हे छापून देता येईल?"

"देतो. पण ती विचारेल, घातलं का नाही? वहीत तर तिन्ही नावं आहेत." त्याने दुसरं पान उघडलं. "म्हणून हेही तिला दाखवावं लागेल. हा रकान्याचा इतिहास. मी तो केला तेव्हा त्यात एकच नाव मावत होतं. कारकून बाईंची चूक नाही. त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं. मी म्हणालो, पहिलं टाका."

बाईने चष्मा काढून गळ्यातल्या मोजपट्टीच्या टोकाने पुसला. पडद्याजवळ जाऊन वाचू लागली. शिकलेली फार नसावी, पण एकेक शब्द बोटाने धरून वाचत होती. "भावंड. मर्यादा एक होती ती काढली. आता कितीही." मग तारखेवर बोट थांबलं. "ही तारीख कसली?"

"मी दुरुस्त केलं त्याची."

"ही तर दीड वर्षापूर्वीची आहे."

"हो."

"म्हणजे दीड वर्ष तुम्हाला माहीत होतं."

"दुसऱ्या एका संस्थेचं काम करताना लक्षात आलं. एका मिनिटात बदललं. नवीन नोंदींना कितीही भावंडं घालता येऊ लागली. पण जुन्या नोंदी कोणीतरी वह्या काढून पुन्हा भरायला हव्या होत्या. ते बालगृहाला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही."

"का?"

मला तो दिवस लख्ख आठवला. संध्याकाळी चहाला बाहेर येऊन तो म्हणाला होता, "एक जुनी चूक होती, आज काढली." मी पोळपाट पुसत म्हणाले होते, "शाब्बास." काय चूक, कोणाला भोवली, एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"सोमवारी सांगू म्हणत राहिलो," तो म्हणाला. "मग इतके दिवस झाले, की आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं, हे विचारतील असं वाटलं. म्हणून आणखी दिवस गेले."

"माझी बहीण सव्वा वर्षापूर्वी आजारी होती. तिच्याच दवाखान्यात पडून होती महिनाभर. भावाला म्हणाली, भेटायला कोणी नव्हतं." बाईचा आवाज जराही चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी त्या दवाखान्याच्या पडद्यांना झालरी शिवून दिल्या होत्या त्या महिन्यात. मोजायला आत गेले होते."

मी पुढे सरसावले. "अहो बाई, त्याच्यामागे पण त्या वेळी इतकी कामं होती, आणि संस्थेनेही घाई..."

"तुम्ही यांच्या कोण?"

"वहिनी."

"नशीबवान आहेत," ती म्हणाली. टोमणा होता की नुसतंच म्हणाली, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिराने दोन्ही पानं छापून तिला दिली. ती तिने त्याच पुठ्ठ्याला लावली, पिशवीत घातली. चहा घेतला नाही. दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाली, "कागद ती वाचेल. पण कागदाला ती प्रश्न विचारणार. कागद काय उत्तर देणार?"

"मी येतो," दीर म्हणाला. "रविवारी किती वाजता?"

"अकरा. दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये. जिन्याखाली." आणि मग, पायात चपला सरकवत, "ती फार बोलत नाही. बघत राहते. तेवढं सहन करा."

ती गेल्यावर ह्यांनी, सापडलेला दुसरा मोजा पायात चढवत, "कप्पेसाहेब, जेवढं विचारेल तेवढंच सांग," असा सल्ला दिला आणि ऑफिसला गेले. मी उतू गेलेलं दूध पुसायला लागले. जळलेली साय शेगडीला घट्ट बसली होती.

त्या दिवशी दीर दिवसभर फोनवर होता. आधी कारकून बाईंना. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "बाई, तुमच्या नावावर जे घालतायत ते माझं आहे, मी बालगृहाला आज लिहून देतोय." पलीकडून बाई बहुधा, जाऊ द्या हो, असं काही म्हणाल्या असाव्यात, कारण हा म्हणाला, "नाही, जाऊ द्यायचं नाही." मग बालगृहाच्या अधीक्षकांना. तिथे बराच वेळ याला नुसतं ऐकून घ्यावं लागलं. मग त्याने मोजलं. ज्यांच्या नोंदीत एक भावंड भरलेलं आहे अशी दोनशेवर मुलं निघाली. त्यांतल्या किती जणांना आणखी भावंडं होती, हे वह्या उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. ज्याचं नाव घालायचं राहून गेलं, त्याची वाट बघणारं कोणी कुठे बसलं असेल, ते मशीनला विचारून उपयोग नव्हता. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले दोन दिवस बालगृहात बसून एकेक वही स्वतः वाचणार, असं त्याने ठरवलं. आणि ज्या प्रणालीत तो काम करतो, तिथे सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, की माणसांच्या नात्याचा रकाना करताना मर्यादा एक ठेवू नका, मी ठेवली होती, त्याने काय झालं ते खाली वाचा. खाली त्याने सगळं लिहिलं होतं. नावं सोडून सगळं. दीड वर्षसुद्धा.

शनिवारी संध्याकाळी मी त्याचा सदरा इस्त्री करत होते आणि डोक्यात भाषण जुळवत होते. नर्सबाईंना मी काय काय सांगेन. की हा मनाने वाईट नाही. की याने कमी दिवसांत, जवळजवळ फुकटात ते काम करून दिलं. की नमुना तपासायला मीच बसले होते, तेव्हा अर्धी चूक माझी धरा. की ज्या वेबसाइटमुळे नाव राहिलं, तिच्यामुळेच भाऊ सापडला, हेही बघा ना. हे शेवटचं मला फारच पटण्यासारखं वाटलं, म्हणून मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं.

तो दारात उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

"तू येणार आहेस?"

"मग काय एकटा जाणारेस? ती बघत राहते म्हणे. कोणीतरी बोलायला नको?"

तो आत आला. टेबलाशी बसला, माझ्यासमोर, नमुना तपासायला मला बसवायचा त्या खुर्चीवर. मी इस्त्री उभी करून ठेवली. लहानपणी शाळेतून तक्रार आली की बसायचा तसाच बसला होता, गुडघ्यांत हात घालून. फक्त या वेळी डोळे खाली नव्हते.

"वहिनी, तू मला लहानाचं मोठं केलंस. मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे, मागायच्या आधीच तू देत आलीस. एक मागतो. उद्या चल. माझ्या शेजारी बस. पण ती काय वाटेल ते बोलली तरी माझी बाजू घेऊ नकोस."